बंदूक, पेन्सिल आणि पुरावा : शहरी पक्षीनिरीक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

शहरी वस्तीतील पक्ष्यांचे निरीक्षण व रेखाटन हा सामान्यतः फावल्या वेळेचा छंद मानला जातो. वस्तुतः या छंदाच्या इतिहासात पद्धतिशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे : केवळ डोळ्यांनी पाहिलेले पुरावा म्हणून केव्हा ग्राह्य धरावे? प्रस्तुत लेखात मुंबई व न्यूयॉर्क या दोन बंदरांच्या शहरांतील उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

नमुन्याचे युग :

एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्र प्रामुख्याने नमुन्यांवर उभे होते. पक्षी मारावा, त्याचे कातडे जतन करावे आणि संग्रहातील इतर नमुन्यांशी ते ताडून पाहावे, ही मान्य रीत होती. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या सालिम अली यांची सुप्रसिद्ध हकीकत याच रीतीची साक्ष देते. १९०८ च्या सुमारास त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांच्या सांगण्यावरून ते ती चिमणी घेऊन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलार्ड यांनी ती ओळखून दिली व पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यांच्यापुढे उघडला. एका थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या आयुष्याला येथून वळण मिळाले. मात्र प्रश्न विचारण्यासाठी त्या मुलाला मृत पक्षी हाती घेऊन जावे लागले, हेही लक्षणीय आहे.

पेन्सिलीचा उदय :

योगायोग असा की, ज्यांनी पुढे ही रीत बदलली त्या रॉजर टोरी पीटरसन यांचा जन्म १९०८ मधलाच. चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते न्यूयॉर्क शहरात आले. तेथे १९२४ मध्ये ब्राँक्स भागातील नऊ मुलांनी ‘ब्राँक्स काउंटी बर्ड क्लब’ स्थापन केला होता. उद्यानांबरोबरच हंट्स पॉइंट येथील कचर्‍याचे ढीगही त्यांचे निरीक्षणक्षेत्र होते. त्यांचे मार्गदर्शक लडलो ग्रिस्कम हे पक्षी न मारता, दुरून दिसणार्‍या खुणांवरून ओळखण्याचे पुरस्कर्ते होते.

या मुलांचे म्हणणे कोणी मुकाट्याने मान्य केले असे नाही. लिनियन सोसायटीच्या बैठकांत त्यांची कसून उलटतपासणी होई. इतिहासाच्या अध्यापकास हे दृश्य परिचित वाटेल. साक्षीदार कोण, तो किती अंतरावर होता, त्याने नोंद तत्काळ केली की स्मरणाने, हे साधनचिकित्सेचेच प्रश्न होत. पीटरसन यांनी १९३४ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात याच दृष्टीला चित्ररूप दिले. पिसान्‌पीस रंगवण्याऐवजी त्यांनी सुलभ आकृती काढल्या आणि ओळखीच्या नेमक्या खुणेकडे रेघेने निर्देश केला. रेखाटन येथे शोभेची वस्तू न राहता तर्काचे साधन बनले.

अर्थात नमुन्यांचे मोल संपले, असे म्हणणे एकांगी ठरेल. ब्राँक्स क्लबचेच सदस्य राहिलेले जोसेफ हिकी यांनी १९६८ मध्ये सहकार्‍यासह शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत असल्याचे दाखवले, ते संग्रहालयांत जपलेल्या जुन्या अंड्यांच्या आधारेच.

‘सामान्य’ पक्ष्यांचे महत्त्व :

संग्रहात दुर्मीळास मान मिळतो. परिसरातील नोंदवहीत मात्र नित्य दिसणार्‍यासही स्थान असते. सातार्‍यास जन्मलेले व जकात खात्यात नोकरी केलेले ई. एच. एटकेन यांनी १९०० मध्ये ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या या ‘सामान्य’ पक्ष्यांत गिधाडांचाही समावेश होता. शतक सरता सरता हा पक्षी भारतातून झपाट्याने नाहीसा होऊ लागला. गुरांना दिल्या जाणार्‍या डायक्लोफिनॅक या औषधाचा गिधाडांच्या मृत्यूशी असलेला संबंध २००४ मध्ये पुढे आला आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घालण्यात आली. एटकेन यांनी सहज म्हणून लिहिलेले पुस्तक आज ऐतिहासिक साधन ठरते, कारण जे सर्वांना दिसत होते ते त्यांनी लिहून ठेवले.

निष्कर्ष :

बंदुकीकडून पेन्सिलीकडे झालेल्या या वाटचालीत पुरावा देण्याचा अधिकार संग्रहालयाबाहेरच्या सामान्य नागरिकासही प्राप्त झाला. त्याबरोबर दिनांक, स्थळ, वेळ आणि प्रामाणिक वर्णन यांची जबाबदारीही आली. आपल्या महाविद्यालयांच्या आवारातील वड-पिंपळांवर आज कोणते पक्षी येतात, याची सलग नोंद किती ठिकाणी सापडेल? विद्यार्थ्यांच्या हाती वही व पेन्सिल देऊन हे काम इतिहास आणि प्राणिशास्त्र विभागांना एकत्र करता येईल. जे आज सामान्य म्हणून दुर्लक्षिले जाते, त्याचीच साक्ष उद्याच्या अभ्यासकाला हवी असेल.