विजेची नेमकी जागा

दुर्बळ स्नायूस विजेनें चालना द्यावयाची, तर तिची पट्टी शरीरावर कोठें ठेवावी? प्रश्न लहान दिसतो; त्याचें उत्तर मात्र स्वस्तांत मिळालेलें नाहीं.

१८२५ च्या सुमारास पॅरिसमध्यें सार्लांदिएर हे वैद्य रोग्याच्या अंगांत सुया टोंचून त्यांतून वीज सोडीत. १८३१ सालीं फॅरडे यांनीं प्रवर्तित विद्युत्प्रवाह शोधून काढला. त्याच्या साहाय्यानें द्युशेन या फ्रेंच वैद्यांनीं सुयांना फांटा दिला. त्वचेवर ओलसर विद्युत्-टोकें टेंकून एकेक स्नायू स्वतंत्रपणें आकुंचित करतां येतो, हें त्यांनीं १८५५ च्या आपल्या ग्रंथांत विशद केलें. परंतु कांहीं ठराविक जागींच स्नायू चटकन् कां उसळतो? तेथें मज्जातंतू स्नायूंत शिरतो म्हणून, असें बर्लिनचे रेमाक म्हणाले.

याचा निर्णय १८५७ सालीं जर्मनींतील त्सिम्सेन यांच्या ग्रंथानें लागला. मरणासन्न रोग्यांच्या त्वचेवर त्यांनीं सिल्व्हर नायट्रेटनें या जागा अंकित केल्या आणि मृत्यूनंतर विच्छेदन करून पाहिलें. रेमाक यांचें म्हणणें खरें ठरलें.

वेदनाशमनाची गोष्ट निराळी. मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं अशी उपपत्ति मांडली कीं, स्पर्शाच्या संवेदना पृष्ठरज्जूंत वेदनेचें द्वार लोटूं शकतात. म्हणून तेथें पट्ट्या बहुधा दुखऱ्या भागाभोंवतीं लावतात.

स्नायूंसाठीं मात्र त्या जुन्या नकाशाचाच वारसा चालत आला आहे. ज्यांच्या देहांवर तो प्रथम रेखाटला गेला, त्यांचीं नांवें आपल्या ओठीं नाहींत. त्यांची अनुमति कोणीं विचारली होती काय, हा प्रश्न तरी आपण विसरूं नये.