लॉस अँजेलिस काउंटीतील मतनिर्णय (२००८–२०२४)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस अँजेलिस काउंटी लोकसंख्येने देशात सर्वांत मोठी आहे. २०२० च्या जनगणनेत येथे एक कोटीहून अधिक लोक नोंदले गेले. तिच्या हद्दीत ८८ शहरे येतात आणि लॉस अँजेलिस शहर हे त्यांतले एक. काउंटीचा कारभार पाच पर्यवेक्षकांचे मंडळ पाहते, म्हणजे एकेका पर्यवेक्षकामागे सुमारे वीस लाख लोक येतात. शेरीफ, फौजदारी खटले चालवणारा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी आणि मालमत्तेचे करमूल्य ठरवणारा असेसर हे अधिकारीही थेट लोकांनी निवडलेले असतात. त्याशिवाय कर वाढवावा का, काउंटीची सनद बदलावी का, राज्याचा अमुक कायदा ठेवावा का, असे प्रश्न प्रस्तावांच्या रूपाने मतपत्रिकेवर येतात. राज्याच्या प्रस्तावांना क्रमांक असतात, काउंटीच्या प्रस्तावांना अक्षरे. अक्षरे पुन्हा पुन्हा वापरली जातात. २०१२ चा प्रस्ताव जे आणि २०२० चा प्रस्ताव जे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून वर्ष सांगितल्याशिवाय नुसत्या अक्षराला अर्थ नसतो.

ही काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाची म्हणून ओळखली जाते आणि अध्यक्षीय निवडणुकीपुरते ते खरेही आहे. २०२० मध्ये ४३ लाखांहून अधिक मतदारांनी मतदान केले. त्यांतली सुमारे ७१ टक्के मते जो बायडन यांना आणि सुमारे २७ टक्के डोनाल्ड ट्रम्प यांना मिळाली. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांना सुमारे ६५ टक्के मते पडली. मात्र उमेदवाराच्या नावापुढचा पक्ष पाहून मत देणारा मतदार प्रस्तावांच्या रकान्यात आला की वेगळा विचार करतो. २००८ मध्ये बराक ओबामा यांना येथे ६९ टक्के मते मिळाली. त्याच मतपत्रिकेवर समलिंगी विवाहांना मनाई करणारा राज्यप्रस्ताव ८ होता, आणि काउंटीत त्याच्या बाजूने ५०.०४ टक्के मते पडली. २०२० मध्ये सरकारी नोकऱ्या व शिक्षणात वंश विचारात घेण्याची मुभा परत आणू पाहणारा राज्यप्रस्ताव १६ काउंटीत कसाबसा बहुमत मिळवून गेला, राज्यभरात मात्र पडला. ॲपवरून गाडी चालवणाऱ्यांना कर्मचारी न मानणाऱ्या राज्यप्रस्ताव २२ लाही येथे बहुमत मिळाले.

मतदानाची पद्धत मार्च २०२० पासून बदलली. ठरलेल्या एकाच केंद्रावर जाण्याऐवजी काउंटीतील कोणत्याही केंद्रावर मत देता येऊ लागले. नवी यंत्रे आली आणि पहिल्याच वेळी कित्येक केंद्रांवर तासन्‌तास रांगा लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला टपालाने मतपत्रिका जाऊ लागली. निवडणूक साहित्य अनेक भाषांत मिळते आणि त्यांत हिंदीही आहे. मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेली मतपत्रिका नंतर ठरलेल्या मुदतीत पोचली तरी मोजली जाते, म्हणून मोजणी काही आठवडे चालते. पहिल्या रात्रीचे आकडे हाच निकाल समजणे येथे धोक्याचे ठरते.

डिस्ट्रिक्ट ॲटर्नी पदाच्या निवडणुकीत ते दिसले. काउंटीच्या पदांसाठी पक्षाचे चिन्ह नसते. प्राथमिक फेरीत निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तेथेच निवड होते, नाहीतर पहिले दोन उमेदवार नोव्हेंबरमध्ये पुन्हा समोरासमोर येतात. मार्च २०२० च्या पहिल्या रात्री पदावर असलेल्या जॅकी लेसी निम्म्याच्या वर होत्या. उशिरा मोजलेल्या मतांनी त्यांना सुमारे ४९ टक्क्यांवर आणले आणि दुसरी फेरी अटळ झाली. मधल्या काळात मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, रस्ते निदर्शकांनी भरले, आणि नोव्हेंबरमध्ये सुधारणावादी जॉर्ज गॅस्कॉन सुमारे ५३ टक्के मतांनी जिंकले. पहिल्याच दिवशी त्यांनी मृत्युदंडाची मागणी आणि शिक्षावाढीच्या कलमांचा वापर थांबवला. त्यांना परत बोलावण्याची मोहीम २०२२ मध्ये सह्या कमी पडल्याने फसली. २०२४ मध्ये मात्र त्यांच्या धोरणांना विरोध करणाऱ्या नेथन हॉकमन यांनी त्यांना सुमारे ६० टक्के मते घेऊन हरवले. त्याच दिवशी चोरी व अमली पदार्थांच्या शिक्षा कडक करणारा राज्यप्रस्ताव ३६ मंजूर झाला. त्याने २०१४ च्या ज्या राज्यप्रस्ताव ४७ चा काही भाग मागे घेतला, त्याच्या शिल्पकारांत गॅस्कॉन होते.

यावरून काउंटी उजवीकडे झुकली असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा आहे. त्याच मतपत्रिकेवर बेघरांच्या निवाऱ्यासाठी व उपचारांसाठी अर्ध्या सेंटचा विक्रीकर लावणारा प्रस्ताव ए होता आणि तो सुमारे ५७ टक्क्यांनी मंजूर झाला. २०१७ च्या प्रस्ताव एच चा पाव सेंटचा, दहा वर्षांचा कर जाऊन त्याच्या जागी हा दुप्पट आणि मुदत नसलेला कर आला. ज्यांनी सुधारणावादी वकिलाला घरी पाठवले, त्यांच्यातल्या पुष्कळांनी बेघरांसाठी डॉलरमागे अर्धा सेंट द्यायची तयारी दाखवली.

यातला ५७ हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे, कारण २०१७ मध्ये तेवढ्या मतांनी हाच कर पडला असता. १९७८ च्या राज्यप्रस्ताव १३ पासून विशिष्ट कामासाठीच्या स्थानिक कराला दोन तृतीयांश मते लागतात. प्रस्ताव एच ला ६९ टक्के मिळाली म्हणून तो तरला. वाहतुकीच्या कराची मुदत वाढवणाऱ्या २०१२ च्या प्रस्ताव जे ला ६६.११ टक्के मते मिळाली आणि तो अर्ध्या टक्क्याने हरला. शंभरातल्या सहासष्टांनी हो म्हटले तरी निकाल नाही असा लागला. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, प्रस्ताव एम ७१ टक्क्यांनी मंजूर झाला आणि रेल्वे-बसच्या विस्ताराला कायमचा निधी मिळाला. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अपलँड खटल्यात दिलेल्या निकालातून एक नवी वाट उघडली. कर मंडळाने नव्हे तर नागरिकांनी सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आणला, तर साधे बहुमत पुरते, असा अर्थ पुढे न्यायालयांनी मान्य केला. २०२४ चा प्रस्ताव ए याच वाटेने आला. म्हणजे मतदारांनी काय ठरवले हे सांगताना प्रश्न कोणी मांडला हेही सांगावे लागते.

शेरीफपदाबाबत मतदारांनी व्यक्ती आणि पद दोन्हींवर निर्णय दिला. २०१८ मध्ये अलेक्स व्हिलानुएव्हा यांनी पदावरील शेरीफ जिम मॅकडॉनेल यांना हरवले. शतकाहून अधिक काळात तेथे असे घडले नव्हते. पुढची चार वर्षे त्यांचा पर्यवेक्षकांशी उघड संघर्ष चालला. २०२२ मध्ये ते रॉबर्ट लूना यांच्याकडून हरले, आणि सोबतच निवडून आलेल्या शेरीफला सबळ कारणावरून, पाचपैकी चार मतांनी काढण्याचा अधिकार मंडळाला देणारा प्रस्ताव ए सत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाला.

सर्वांत मोठा आणि सर्वांत गुंतागुंतीचा निर्णय मात्र मंडळाबद्दलचा आहे. पाच जणांचे मंडळ वाढवण्याची कल्पना मतदारांनी १९९२ आणि २००० मध्ये नाकारली होती. २०२४ चा प्रस्ताव जी सुमारे ५१ टक्क्यांनी, म्हणजे निसटता, मंजूर झाला. त्यानुसार २०२८ मध्ये काउंटीचा मुख्य कार्यकारी लोक निवडतील आणि २०३२ पर्यंत पर्यवेक्षक नऊ होतील. नीतिमत्ता आयोगाचीही त्यात तरतूद आहे.

या निर्णयाची गुंतागुंत आधीच्या एका प्रस्तावातून पुढे आली. तुरुंगवासाऐवजी उपचार, घरे व रोजगार यांवर काउंटीच्या स्वतःच्या मुक्त महसुलाचा किमान दहावा हिस्सा खर्च करण्याचे बंधन घालणारा प्रस्ताव जे २०२० मध्ये ५७ टक्क्यांनी मंजूर झाला होता. कामगार संघटनांनी त्याला आव्हान दिले. २०२१ मध्ये एका न्यायाधीशांनी तो रद्द ठरवला आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. मग जुलै २०२५ मध्ये लक्षात आले की प्रस्ताव जी ने सनदेची जी कलमे नव्याने लिहिली, त्यांत प्रस्ताव जे चा मजकूर आलेलाच नाही. नवी कलमे २०२८ मध्ये लागू होताच प्रस्ताव जे आपोआप संपणार होता. तो रद्द करावा का, हे २०२४ मध्ये मतदारांना कोणी विचारले नव्हते, आणि प्रचारात दोन्ही बाजूंनी त्याचा उल्लेखही झाला नव्हता. इतक्या लांब मतपत्रिकेत, इतक्या जाड मसुद्यात कायदा जाणणाऱ्यांच्या नजरेतून जे सुटले, त्याचा दोष मतदारांवर टाकता येत नाही. काउंटीची सनद मतदारांच्या संमतीशिवाय बदलत नाही, त्यामुळे प्रस्ताव जे चा मजकूर परत आणण्यासाठी नवा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवण्याचा पर्याय पर्यवेक्षक मंडळासमोर आला.