लग्नाचे आवतण व पाहुणा (पारोळा परिसर)

जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यात लग्नाला बोलावलेल्या पाहुण्याने पाळायचे रीतिरिवाज. पारोळा धुळे-जळगाव महामार्गावर आहे. रेल्वेने येणारा पाहुणा सुरत-भुसावळ मार्गावरील अमळनेरला उतरतो व पुढे बस किंवा जीपने येतो. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, पण खरी गर्दी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे असते. त्या दिवसांत खानदेशातला पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून सुती कपडे, डोक्याला टोपी किंवा रुमाल आणि सोबत पाणी हवेच. भरजरी शालूपेक्षा सुती साडी नेसून आलेल्या बाईला इथे कोणी नावे ठेवत नाही.

आवतण कसे आले, यावर घरातून किती जणांनी जायचे ते ठरते. ‘चूलबंद’ आवतण असेल, तर त्या दिवशी पाहुण्याच्या घरी चूल पेटवायची नाही; लहानथोर सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचे. घरटी एकाचे आवतण असेल, तर एकानेच जावे. छापील पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असतेच, त्यामुळे त्यावरून नेमका अंदाज येत नाही. पत्रिका देताना घरातल्या माणसाने तोंडी काय सांगितले, ते लक्षात ठेवावे. हळदीला जाणे जवळच्या नातेवाइकांकडून आणि भाऊबंदांकडून अपेक्षित असते. इतरांनी लग्नाच्या दिवशी गेले तरी चालते.

पत्रिकेवरची वेळ मुहूर्ताची असते. प्रत्यक्षात वरात, बँडपुढचा नाच आणि मान्यवरांचे सत्कार यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि उन्हात ताटकळतात ती म्हातारी माणसे व लहान मुले. आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला ज्याला माईक मिळतो, त्याने ते खरोखर दोनच बोलावेत. मामा नवरीला बोहल्याकडे आणतो, अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके सुरू होतात. या वेळी पाहुण्याने उभे राहावे आणि फोटोसाठी पुढे घुसू नये. अक्षता प्रत्येक कडव्याच्या शेवटी हलक्या हाताने टाकाव्यात. दूरवरून जोराने फेकलेले तांदूळ वधूवरांच्या डोळ्यांत जातात. धान्य पायदळी जाऊ नये म्हणून बरीच घरे आता तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या वाटतात. ही सुधारणा मनापासून स्वागत करण्याजोगी आहे. काही लग्ने सत्यशोधक पद्धतीने लागतात. या पद्धतीचा पहिला विवाह महात्मा फुले यांच्या पुढाकाराने 1873 मध्ये झाला. अशा लग्नात पुरोहित नसतो, म्हणून ‘भटजी कुठे आहेत’ असे विचारत फिरू नये.

पंगत हा पाहुणचाराचा गाभा आहे. जुन्या चालीच्या जेवणात वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि एखादा गोड पदार्थ असतो. बट्टीसाठी जाडसर दळलेले गव्हाचे पीठ घेतात, त्यात बऱ्याच घरी थोडा मका मिसळतात. पीठ मळून गोळे उकडतात, कापतात आणि तेलात तळतात. बट्टी तशीच तोडून खायची नसते. पानात हाताने बारीक कुस्करावी, वर तूरडाळीचे वरण आणि तूप घ्यावे, भाजी बाजूला. नवख्याने सुरुवातीला एकच बट्टी घ्यावी, कारण ती पोटात फुगते आणि वाढपी दुसऱ्यांदा येतोच. नको असेल, तर पानावर आडवा हात धरावा. तोंडाने नुसते ‘नको’ म्हटलेले वाढपी ऐकत नाही. सगळ्यांना वाढून होऊन जयघोष झाल्यावरच पहिला घास घ्यावा, आणि शेजाऱ्याचे जेवण चालू असताना उठू नये. पुरुषांची पंगत आधी आणि बायकांची मागाहून, ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. ज्या बायका पहाटेपासून राबल्या, त्यांच्या वाट्याला निवलेले वरण येते. हे बदलायला हवे, आणि पहिल्या पंगतीत जागा मिळालेल्या पाहुण्याला सोबतच्या बाईमाणसांना शेजारी बसवून त्याची सुरुवात करता येते. मंगल कार्यालयांतल्या बुफेत हा प्रश्न आपोआप सुटतो, मात्र आग्रहाचे वाढणेही त्याबरोबर जाते.

न जेवता निघून जाणे हा यजमानाचा अवमान समजला जातो. मोठा आहेर देऊनही तो भरून निघत नाही. ‘जेवन व्हयनं का?’ असे अहिराणीत जो तो विचारतो, ते औपचारिक नसते. घाई असेल, तर दोन घास खाऊन यजमानाला सांगून निघावे.

आहेर पाकिटात घालून द्यावा, रक्कम एकावन्न, एकशे एक अशी वर रुपया ठेवलेली असावी, आणि पाकिटावर नावाबरोबर गावाचे नावही लिहावे. एकाच आडनावाची माणसे दहा गावांहून आलेली असतात आणि वहीत नोंद करणाऱ्याचा गोंधळ उडतो. या वहीवरूनच पुढे पाहुण्याच्या घरच्या लग्नात परतीचा आहेर ठरतो. म्हणून ऐपतीबाहेरची रक्कम घालणे म्हणजे समोरच्या घरावर ओझे टाकणे होय. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असे छापलेले असेल, तर ते शब्दशः मानावे.

यजमानही पाहुण्याला मान देतो: पुरुषांना टॉवेल-टोपी आणि नारळ, बायकांना हळदीकुंकू व ब्लाउजपीस. टोपी घालायला कोणी पुढे आला, तर मान तुकवावी, ‘राहू द्या’ म्हणून हात मागे घेऊ नये. टोपी निदान मांडवात असेपर्यंत डोक्यावर ठेवावी.