जठराचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे आरोग्य व आयुर्मान
कर्करोगामुळे जठराचा काही भाग किंवा संपूर्ण जठर काढल्यावर (जठरोच्छेदन) रुग्ण किती जगेल, हे मुख्यतः रोग जठराच्या भित्तीत किती खोलवर गेला होता आणि लसीका ग्रंथींत पसरला होता का, यावर ठरते. थिओडोर बिलरोट यांनी १८८१ मध्ये व्हिएन्नात अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, पण रुग्ण स्त्री काही महिन्यांतच रोग उलटून दगावली. आज आरंभीच निदान झालेले बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांहून अधिक जगतात.

जठर गेल्यावर अन्न थेट लहान आतड्यात उतरते. अहिल्यानगरसारख्या ऊसपट्ट्यात पाहुण्यापुढे सहज येणारा उसाचा रस अशा रुग्णाने पेलाभर घेतला, तर काही मिनिटांतच छातीत धडधड, घाम, पोटात कळ व जुलाब होऊ शकतात; यास शीघ्र जठररिक्तता लक्षणसमूह म्हणतात. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे, नीट चावून खावे आणि जेवताना पाणी कमीच प्यावे.

याहून घातक, कारण वर्षानुवर्षे लपून राहणारी, उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची असते. ते शोषण्यास लागणारे प्रथिन जठरातच स्रवत असल्याने, संपूर्ण जठर काढलेल्यांना त्याची इंजेक्शने बहुधा आजन्म घ्यावी लागतात; ती चुकल्यास पांडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणीचे प्रवरा रुग्णालय त्याच जिल्ह्यातल्या अकोले वा पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांपासून दूर पडते, त्यामुळे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये उभी केलेली गावातल्याच आरोग्यसेविकांची पद्धत इंजेक्शनांच्या या दीर्घ पाठपुराव्यासाठीही विशेष उपयुक्त ठरावी.