एका नकाराची देणगी

आपल्या घरांतून मुलांना विषय निवडताना एक प्रश्न हटकून विचारला जातो : याचा उपयोग काय? या प्रश्नापुढे तर्कशास्त्र आणि शुद्ध गणित बहुधा हरतात, संगणकशास्त्र जिंकते. परंतु कुळाची वंशावळ जपणाऱ्या आपण मंडळींनी संगणकाचीही वंशावळ पाहावी. तिच्या मुळाशी असे काही पुरुष भेटतात, की ज्यांना यंत्र करावयाचेच नव्हते.

पहिले जॉर्ज बूल. एका चांभाराच्या या मुलाने १८५४ साली विचाराच्या नियमांवर ग्रंथ लिहिला आणि सत्य-असत्याचे व्यवहार एक व शून्य या अंकांच्या बीजगणितात बसवले. त्यानंतर ८३ वर्षांनी, १९३७ मध्ये, अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, विजेच्या बटणांची जोडणी नेमके हेच बीजगणित पाळते.

पण खरी कलाटणी मिळाली ती एका नकारामुळे. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांची आकांक्षा मोठी होती. अवघे गणित मोजक्या गृहीतकांवर उभे करावे आणि त्यात विसंगती नाही हे सिद्ध करावे, असे त्यांना वाटे. कोणतेही विधान त्या गृहीतकांतून निघते की नाही, हे ठरवणारी एखादी ठराविक रीत आहे काय, असेही त्यांनी १९२८ मध्ये विचारले होते. ८ सप्टेंबर १९३० रोजी, केनिग्सबर्ग या आपल्या मूळ गावी, अज्ञेय असे काही नाही अशी ग्वाही त्यांनी भाषणात दिली. योगायोग असा की, आदल्याच दिवशी त्याच शहरातील एका परिषदेत कुर्ट गोडेल या २४ वर्षांच्या तरुणाने शांतपणे सांगितले होते की, अंकगणिताला पुरेशा अशा कोणत्याही विसंगतिरहित व्यवस्थेत सत्य असूनही सिद्ध न होणारी विधाने राहणारच. श्रोत्यांत जॉन फॉन नॉयमन होते. या बोलण्याचे मोल तिथल्या तिथे ओळखणारे तेच.

हिल्बर्ट यांचा रीतीविषयीचा प्रश्न अद्याप उरला होता. १९३६ मध्ये अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी आणि इंग्लंडमध्ये ॲलन ट्यूरिंग यांनी, स्वतंत्रपणे, त्याचेही उत्तर नकारार्थी दिले. ‘रीत’ म्हणजे काय हे निश्चित करण्यासाठी ट्यूरिंग यांनी एक काल्पनिक यंत्र योजले : चौकोनांची अंतहीन पट्टी, एका वेळी एक चिन्ह वाचणे, लिहिणे वा पुसणे, आणि एक घर सरकणे. शिवाय, दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन पट्टीवर दिले असता त्याचे काम करणारे एकच सर्वसमर्थ यंत्र संभवते, हेही त्यांनी दाखवले.

नकाराचे मर्म आजच्या भाषेत असे सांगता येईल. कोणतीही आज्ञावली शेवटी थांबेल की नाही, हे अचूक सांगणारी परीक्षक आज्ञावली आहे असे समजू. तिच्याच आधारे एक खोडकर आज्ञावली रचता येते. परीक्षक तिला ‘थांबशील’ म्हणाला तर ती अखंड चालते. ‘थांबणार नाहीस’ म्हणाला तर तत्काळ थांबते. निवाडा दोन्हीकडून खोटा! तेव्हा असा परीक्षक असूच शकत नाही.

पुढे १९४५ मध्ये, ट्यूरिंग यांच्या निबंधाशी परिचित असलेल्या फॉन नॉयमन यांनी, आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत साठवणाऱ्या यंत्राचा आराखडा लिहिला. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर येथे स्मृतीत साठवलेली आज्ञावली एका इलेक्ट्रॉनिक संगणकावर प्रथम चालली. म्हणजे यंत्र जन्मले तेव्हा त्याची मर्यादा १२ वर्षांची झाली होती. संगणकाचा वेग आज कितीही वाढला असला, तरी ती तसूभरही हललेली नाही.

या मंडळींना कोणी उपयोग विचारला असता तर त्यांना काय सांगता आले असते? उद्या घरातील एखादे मूल असाच ‘निरुपयोगी’ विषय मागू लागले, तर नकार देण्यापूर्वी आपण ही वंशावळ आठवावी, इतकेच आमचे मागणे.