निचऱ्याची वाट

कपडे धुण्याच्या कलेचा इतिहास सांगणारे लेखक साबण, सोडा आणि यंत्राचे पिंप यांचे वर्णन मोठ्या विस्ताराने करतात. परंतु मळ सुटल्यानंतर ते पाणी कोणत्या वाटेने जाते, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते, आणि माझ्या मते या व्यवसायातील बहुतेक स्थित्यंतरे त्या एका प्रश्नाभोवतीच घडलेली आहेत.

गावगाड्यात परिटाची गणना बारा बलुतेदारांत होत असे, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरून मिळणारे धान्य हा त्याचा वहिवाटीचा हक्क होता. खारात भिजवलेले कपडे भट्टीच्या वाफेवर उकडावेत, कोणते वस्त्र कोणाचे हे ओळखू यावे म्हणून त्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाची खूण करावी (चुना लागला की ती अशी पक्की बसते की कपडा विरला तरी खूण शाबूत राहते), आणि मग सारा बोजा ओढ्यावर नेऊन धोंड्यावर आपटावा, अशी ती विद्या होती. अमरावतीकडच्या शेंडगावी 1876 साली अशाच एका परीट कुटुंबात गाडगे महाराजांचा जन्म झाला. गावच्या परिटाला निचऱ्याची चिंता नव्हती. आणलेले पाणी आणि गेलेले पाणी हा भेद वाहत्या ओढ्याला ठाऊकच नसतो.

मुंबईत मात्र ओढा नव्हता. जेथे धोबी कपडे धूत तो तलाव कालांतराने बुजला आणि धोबीतलाव हे नावच तेवढे मागे उरले. 1860 च्या सुमारास विहारचे पाणी नळाने शहरात आले, त्यानंतर तुळशी आणि तानसा यांची भर पडली, आणि पाणी येण्याची सोय झाली तरी ते जाण्याची सोय स्वतंत्रपणे बांधावी लागली. महालक्ष्मी स्थानकालगतचा धोबीघाट, जो 1890 च्या सुमाराचा मानला जातो, हे त्या गरजेचेच बांधकामरूप होय: ओळीने हौद, प्रत्येकात आपटण्याचा दगड, आणि शेजारून वाहणारी गटारे. वाळवण्यासाठी धोबी दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणतात आणि कपड्याचे टोक त्या पिळात अडकवतात, त्यामुळे चिमट्याची गरज पडत नाही. घरांतून हेच काम मोरीने केले. कठडा, फरशीचा उतार आणि कोपऱ्यातील जाळी यांच्या बळावर चाळीतील एका खोलीतही धुणे निभावत असे.

युरोपात शेफर या जर्मन विद्वानाने 1767 साली धुलाईयंत्राची रचना प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेत अल्वा फिशर याला 1910 साली विजेच्या यंत्राचे पेटंट मिळाले; तथापि त्या काळच्या यंत्रांत कपडे पिळण्यासाठी दोन रुळांत घालावे लागत, ज्यांत बोटेच नव्हे तर हातही सापडत, आणि पिंपातले मळके पाणी बाजूची नळी खाली सोडून किंवा बादलीने काढून टाकावे लागे. पाणी घेणे, धुणे आणि सोडणे ही सारी कामे आपली आपण करणारे बेंडिक्स या अमेरिकन कंपनीचे घरगुती यंत्र 1937 साली बाजारात आले. ते इतके हादरे देई की त्यास जमिनीशी बोल्टने जखडावे लागत असे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन पिंपांचे यंत्र स्थिरावले ते त्यानंतर कित्येक दशकांनी, आणि त्याचे लवचीक नळकांडे थेट मोरीत सोडलेले असे. बटण निचऱ्याकडे फिरवले की पाणी आपल्या वजनानेच वाहून जाई, मग मोटार चालो वा न चालो. समोरून उघडणाऱ्या पूर्ण स्वयंचलित यंत्राने ही साधी व्यवस्था मोडली. त्यात पाणी तळाच्या छोट्या पंपाने वर ढकलून बाहेर टाकले जाते, आणि खिशात राहिलेले नाणे, केसांची पिन किंवा साचलेला धागा त्या पंपात अडकला की अर्धे धुतलेले कपडे पाण्यात तरंगत राहतात आणि समोरचे दारही उघडत नाही.

अशा वेळी आधी प्लग काढावा व पाणी ऊन असल्यास ते निवू द्यावे. मागील नळी तिच्या पकडीतून सोडवून पिंपाच्या तळापेक्षा खाली, मोरीच्या जाळीवर धरली तर पुष्कळदा पाणी आपोआप निघते. पंपच तुंबलेला असेल तर खालच्या कोपऱ्यातील झडप उघडून, पुढे बसकी परात ठेवून, आतील गाळणीचा आटा थोडा थोडा सैल करावा, परात भरत आली की पुन्हा आवळावा, ती रिकामी करून पुन्हा सैल करावा. आटा एकदम काढला की सारी खोली जलमय झालीच म्हणून समजावे.

हे काम मोरीजवळ सुकर आहे, आणि मोरीच नाहीशी होत चालली आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते. नव्या सदनिकांत यंत्राची जागा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली नेमली जाते, नळी भिंतीतील उंच भोकात खोचली जाते, आणि फरशीला उतारही नसतो. नकाशे काढणाऱ्या वास्तुविशारदांनी यंत्राच्या पायथ्याशी, फरशीतील जाळीदार निचरा, ज्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, बसवून घ्यावा आणि फरशीचा ढाळ त्याच्याकडे द्यावा. बांधकाम चालू असताना या कामाला फारसा खर्च येत नाही, आणि एकदा फरशी बसल्यावर ढाळ दुरुस्त करण्यासाठी मात्र सगळी जमीन उखडावी लागते.