बोगोटाची सातमाशी बाळं

सातमाशी बाळ म्हटलं की आपल्याला काचेची पेटी आठवते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली या पेट्याच पुरत नव्हत्या. एकीतच दोन-तीन बाळं, मग जंतुसंसर्ग ठरलेलाच. डॉ. एडगर रे यांनी उपाय काढला. बाळ आईच्या उघड्या छातीशी उभं बांधायचं, दूध आईचंच, आणि तब्येत सावरली की घरी. नाव पडलं ‘कांगारू’!

जीव वाचले, पण मेंदूचं काय? पोटात शेवटच्या तीन महिन्यांत होणारी त्याची वाढ या बाळांची बाहेर व्हायची असते. १९९३ ते १९९६ मध्ये तिथेच चिठ्ठ्या टाकल्यासारखे बाळांचे दोन गट केले, एक कांगारूचा, एक नेहमीच्या पद्धतीचा. वीस वर्षांनी, जन्मतः १८०० ग्रॅमपर्यंत वजन असलेले २६४ जण पुन्हा तपासले. निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस आले. बुद्ध्यंकातला फायदा थोडा, तोही सर्वांत नाजूक बाळांनाच टिकलेला. मला मात्र (जन्म हजेरीपट भरण्यात गेला ना!) दुसरीच नोंद मोलाची वाटली. कांगारू गटातल्या मुलांचे शाळेचे खाडे कमी होते, तरुणपणी आक्रस्ताळेपणाही कमी. त्यांचे आईवडीलही मुलांना अधिक जपणारे दिसले. हो, वडीलही. बाळ छातीशी बांधायला आईच लागते असं नाही.